कुत्र्याला घेऊन मांजरसुंबा ते सौताडा: आधी दुपारची सावली ठरवा, मग रस्ता

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही बीडला राहता. ब्रुनो नावाचा अडीच वर्षांचा लॅब्रॉडॉर आहे, वजन 32 किलो. ऑक्टोबरात एखाद्या रविवारी तुम्ही, मिसेस आणि सात वर्षांची मुलगी, असे त्याला घेऊन स्विफ्टने निघणार. मांजरसुंबा, कपिलधार, लिंबागणेश, पाटोदा करत सौताड्यापर्यंत जायचं, येताना मोठा रस्ता सोडून वाड्यावस्त्यांतून आतल्या रस्त्याने परतायचं आणि रात्री जेवायला घरी. ब्रुनो आजवर घराजवळच्या मैदानापलीकडे गेलेला नाही. सोबत काय काय घ्यावं, असं तुम्ही विचारलंय.

मी पशुवैद्य आहे. याच भागात गायी, शेळ्या आणि अलीकडे घरची कुत्री बघते. माझा कुत्राही बालाघाटात माझ्याबरोबर फिरतो. त्यामुळे तुमचा बेत वाचून आनंद झाला. सामानाचं पुढे सांगतेच, त्याआधी अडचण नेमकी कुठे येणार आहे ते बघू.

एका बाजूचं अंतर शंभर किलोमीटरच्या आत आहे. गाडी चालवण्यात दिवस जात नाही, तो जातो थांबण्यात. आणि तुम्हाला जिथे थांबायचंय ती दोन्ही ठिकाणं देवस्थानं आहेत. कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आणि शेजारीच धबधबा. सौताड्याला विंचरणा नदी कड्यावरून पडते आणि खाली दरीत रामेश्वराचं मंदिर. सुट्टीच्या दिवशी दोन्हीकडे गर्दी, पायऱ्या, प्रसादाची दुकानं. कुत्र्याला मंदिराच्या आवारात नेता येत नाही आणि नेऊही नये. म्हणजे तुमच्यापैकी एकजण वर ब्रुनोजवळ थांबणार. सकाळी साडेआठला ते सोपं आहे. दुपारी एक वाजता, मोकळ्या पार्किंगमध्ये, तापलेल्या गाडीशेजारी, 32 किलोच्या धापा टाकणाऱ्या कुत्र्याबरोबर ते अजिबात सोपं नाही. मांजरसुंब्याचा घाट चढून वर आलात की पुढचा बराचसा पट्टा उघडा माळ आहे. पवनचक्क्या दिसतात, गाव दिसतं, पण गाडी लावावी असं मोठं झाड बऱ्याच वेळाने येतं.

म्हणून माझं सांगणं एकच: अकरा ते साडेतीन ब्रुनो कुठे बसणार हे आधी पक्कं करा. ती जागा मिळाली की तिच्या अलीकडे-पलीकडे सकाळचा आणि संध्याकाळचा रस्ता आखा. बहुतेक लोक उलटं करतात. आधी ठिकाणं ठरवतात आणि दुपार वाटेत सापडेल तिथे काढतात. माझ्याकडे उन्हाने कोसळलेली जी कुत्री येतात त्यांतली बरीचशी अशाच दुपारची असतात.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या तुम्हालाच ठरवाव्या लागतील.

पहिली महिन्याची. धबधबा भरून बघायचा असेल तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात हा काळ. पण तेव्हा पाऊस झाला की आतल्या रस्त्यांवर काळ्या मातीत गाडी रुतते, ओढ्यांवरच्या फरशी पुलांवरून पाणी जातं आणि पाऊस नसेल तर ऑक्टोबर हीट असते. तुमची-आमची कातडी घाम गाळून गार होते. कुत्र्याला घाम येतो तो जेमतेम पंजांच्या तळव्यांना. त्याचा सगळा भार जिभेवर आणि श्वासावर. हवेत दमटपणा असला की धापा टाकूनही तोंडातलं पाणी नीट उडत नाही आणि अंग थंड होत नाही. पावसानंतरचं कडक ऊन म्हणूनच वाईट. मी तुमच्या जागी असते तर नोव्हेंबरचा उत्तरार्ध धरला असता. धार बारीक झालेली असेल, पण माळ पिवळाधमक होतो, हवा कोरडी आणि सकाळ थंड असते. फक्त कार्तिकी पौर्णिमा टाळा. कपिलधारला तेव्हा यात्रा असते, पायी दिंड्यांनी रस्ते भरलेले असतात आणि त्या गर्दीत नवखा कुत्रा बिथरतो.

दुसरी ब्रुनोच्या अंगाची. 32 किलो हे नर लॅबला ठीक वजन आहे, पण बरगड्यांवरून हात फिरवून बघा. जोर न लावता बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. लागत नसतील तर तो जाड आहे आणि त्याला ऊन लवकर लागेल. पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या जातीचा कुत्रा असता तर मी डिसेंबर-जानेवारी सोडून दुसरा महिना सुचवलाच नसता. आणि प्रवासाआधी केस भादरून टाकू नका. लॅबचे दुहेरी केस उन्हापासूनही राखण करतात. नीट विंचरून सुटलेली लव काढली तरी पुरे.

तिसरी ओळखीची. लिंबागणेश, पाटोदा, अंमळनेर या बाजूला तुमचं कुणी सोयरं, कुणी मित्र, ऑफिसातल्या कुणाचा आखाडा, म्हणजे शेतावरचं खोपट-गोठा, आहे का? बीडमध्ये राहणाऱ्याला हे विचारायची गरजही नसावी, कुणीतरी निघतंच. शेतातला आखाडा, चिंचेचं किंवा लिंबाचं झाड, बोअरचं पाणी आणि बांधायला खुंटा. यापेक्षा चांगली दुपार कुठल्या रिसॉर्टमध्ये मिळणार नाही. फोन करून तीन गोष्टी विचारा: त्यांचं कुत्रं मोकळं असतं का, शेळ्या-कोंबड्या कुठे असतात, आणि त्या दिवशी शेजारी कुठे फवारणी आहे का. कापूस आणि तुरीच्या फवारणीच्या दिवसांत कुत्रा औषधाच्या टाकीशेजारच्या डबक्यातलं पाणी पितो आणि तासाभरात लाळ गळून थरथरायला लागतो. अशा केसेस आमच्याकडे दरवर्षी येतात.

ओळख नसेल तरी हरकत नाही. मोठं झाड दिसलं की गाडी लांब लावा, कुत्रा गाडीतच ठेवा, एकट्याने वस्तीवर जा आणि विचारा, “काका, लेकरू आणि कुत्रं आहे संगं. घटकाभर सावलीला बसू का?” माझा अनुभव असा की नाही कुणी म्हणत नाही, उलट पाण्याची कळशी येते. पण न विचारता कुत्र्याला घेऊन बांधावर उतरलात तर माणूस चिडतो आणि त्याचं बरोबर असतं. रब्बीची ज्वारी नुकती उगवलेली असते, शेळी नुकती व्यालेली असते.

आता गाडीतल्या गरमीबद्दल, कारण इथे लोकांचा अंदाज फार चुकतो. अमेरिकेत 2005 मध्ये उन्हात उभ्या गाड्यांवर एक अभ्यास झाला होता. बाहेर साधारण 22 ते 35 अंश सेल्सिअस असताना आतलं तापमान तासाभरात सरासरी 22 अंशांनी वाढलं आणि त्यातली 80 टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काचा थोड्या खाली ठेवून फारसा फरक पडला नाही. म्हणजे बाहेर 30 असेल, तुम्हाला छान वाटत असेल, तरी दर्शन घेऊन येईपर्यंत आत पन्नाशीकडे जातं. एसी चालू ठेवून कुत्र्याला आत सोडायचं हा उपायही मला मान्य नाही. इंजिन बंद पडलं, एसीने गार मारणं सोडलं, तर ते सांगणार कोण? तुम्ही दोघं मोठी माणसं आहात, आळीपाळीने उतरा. मुलीला एकाबरोबर धबधबा दाखवा, दुसऱ्याने ब्रुनोला घेऊन लांब शांत जागी चालवून आणावं. मग पाळी बदला.

एवढ्यावरून दिवस कसा दिसतो ते मांडते. सकाळी सव्वासहाला निघा. घाट चढून वर आलात की पहिला थांबा, शी-शू आणि पाणी. कपिलधार आणि सौताडा यांतलं एकच निवडा. मी सौताडा निवडेन, कारण दरीच्या वरच्या अंगानेही बघण्यासारखं आहे. तिथे नऊच्या आत पोचा, साडेदहाला निघा, अकराला सावलीत. साडेतीनपर्यंत तिथेच जेवण, झोप, मुलीचा खेळ. मग उन्हं कलल्यावर आतल्या रस्त्याने रमतगमत या. नोव्हेंबरात सहाच्या सुमारास अंधारायला लागतं, तोवर हायवेला लागलेलं बरं. याला दोन कारणं आहेत. एक बिबट्या. 2020 च्या हिवाळ्यात शेजारच्या आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं दगावली होती, आणि एरवीही कुत्रा हे बिबट्याचं आवडतं भक्ष्य आहे. दुसरं म्हणजे अंधारात या रस्त्यांवर बिनदिव्याच्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या असतात. दसरा-दिवाळीनंतर इथली ऊसतोडीला जाणारी कुटुंबं संसार घेऊन निघतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर भांडी, लेकरं, शेळी आणि बऱ्याचदा त्यांचं कुत्रंही. त्यांना वाट द्या, हॉर्न वाजवून घाई करू नका.

यात एक गोष्ट राहिली, ती तयारीची. जो कुत्रा मैदानापलीकडे गेला नाही त्याला एकदम दिवसभर गाडीत घालू नका. तीन-चार आठवडे आधी सुरू करा. उभ्या गाडीत बसवून खाऊ द्या. मग नुसतं इंजिन चालू. मग कॉलनीला एक फेरी, मग बिंदुसरेच्या धरणापर्यंत, मग एकदा मांजरसुंब्यापर्यंत घाट चढून परत. प्रत्येक वेळी उतरल्यावर त्याला आवडेल असं काही घडलं पाहिजे. लाळ गळणं, सारख्या जांभया, ओठ चाटणं ही मळमळीची लक्षणं आहेत. घाटाच्या फेरीत ती दिसली तर तुमच्या डॉक्टरांना सांगा. कुत्र्यांसाठी मळमळीची वेगळी गोळी आहे, वजनावर डोस असतो आणि प्रवासाच्या साधारण दोन तास आधी देतात. माणसांच्या गोळ्या अंदाजाने देऊ नका. घाटाची फेरी जमलीच नाही तर हा बेत या वर्षी पुढे ढकला, त्यात वाईट वाटून घेऊ नका.

त्याला मागच्या सीटवर बसवा, छातीचा हार्नेस घालून तो सीटबेल्टला अडकवा. गळ्यातल्या पट्ट्याला अडकवू नका, करकचून ब्रेक लागला तर मान जाते. त्याच्या आणि मुलीच्या मध्ये एक मोठं माणूस बसवा. पुढच्या सीटवर मांडीवर तर नकोच, एअरबॅग उघडली तर दोघांच्याही जिवावर बेतेल. मागच्या काचांची बटणं ड्रायव्हरकडून लॉक करा. कुत्रा खिडकीशी उभा राहतो, पंजा बटणावर पडतो आणि काच खाली तरी जाते किंवा मानेवर वर तरी येते. डोकं बाहेर काढून वारा घेतानाचे फोटो छान येतात, पण खडी आणि धुळीने डोळ्याच्या बुबुळाला जखम झालेली कुत्री मला तपासावी लागतात. काच दोन बोटं उघडी ठेवा, वास घ्यायला तेवढं पुरतं.

थांब्यावर उतरल्यावर लीश हातातून सुटता कामा नये. शहरातल्या लोकांना मोकळा माळ बघून वाटतं, पळू दे त्याला. मला ती ओढ कळते. पण आपला माळ दिसतो तितका मोकळा नाही.

सगळ्यात आधी शेततळं. 2016 पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेने मराठवाड्यात गावोगाव तळी झाली. त्यांतल्या पुष्कळ तळ्यांत प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. लॅबला पाणी दिसलं की तो विचार करत नाही, उडी मारतो. पोहायला त्याला उत्तम येतं, पण बाहेर येता येत नाही. कागद गुळगुळीत, वर शेवाळ, उतार तिरपा. पुढचे पंजे टेकतात, नखं घसरतात, तो पुन्हा पाण्यात जातो, पुन्हा टेकतो. दहा-पंधरा मिनिटांत सशक्त कुत्रा थकून बुडतो, आणि त्याला काढायला उतरलेला माणूसही त्याच कागदावरून घसरतो. माणसं अशी गेलेली आहेत. तसा प्रसंग आलाच तर पाण्यात उतरू नका. लांब दोर, साडी, ठिबकची नळी, काहीही हार्नेसमध्ये अडकेल असं टाका आणि काठावरून ओढा. हार्नेस अंगावर ठेवायचा तो यासाठीसुद्धा. त्याच्याच जोडीला कठडा नसलेल्या जुन्या विहिरी. गवतात तोंड दिसत नाही.

मग रानडुकरांसाठी केलेले बंदोबस्त. पिकाभोवती झटका मशीनची तार असते. तिचा झटका सहसा जीव घेत नाही, पण कुत्रा घाबरून दिशा न बघता पळत सुटतो. काहीजण मात्र तारेत थेट लाइनचा करंट सोडतात आणि तो जीवघेणाच. काही ठिकाणी डुकरांसाठी पीठ किंवा चरबी लावलेले स्फोटक गोळेही ठेवतात. वासाने कुत्रा ते तोंडात घेतो. जबडा उडालेलं जनावर ज्याने एकदा बघितलंय तो आयुष्यात कुत्र्याला रानात मोकळं सोडत नाही. जमिनीवरचं काही उचलायचं नाही, “सोड” म्हटलं की सोडायचं, हे ब्रुनोला येतं का? येत नसेल तर तयारीच्या महिनाभरात तेही शिकवा.

तिसरं कुसळ. नोव्हेंबरचा पिवळा माळ सुंदर दिसतो तो बराचसा कुसळी गवताने. एक कुसळ तोडून तळहातावर घ्या आणि त्यावर पाण्याचा थेंब टाका. शेपटीसारखी काळी लांब दांडी आपोआप पिळत फिरायला लागते. बी जमिनीत घुसावं म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे. टोकाशी अणकुचीदार चोच आणि मागे वळलेले बारीक केस, त्यामुळे ते पुढेच जातं, मागे येत नाही. कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात, कानात, काखेत, पापणीखाली शिरलं की ओलाव्याने ते असंच पिळत आत जातं. आठवड्याने पंजाला गळू होतं, फुटतं, भरतं, पुन्हा होतं. मालक मलम लावत राहतात आणि आत कुसळ तसंच. लॅबचे कान पडलेले असतात, त्याने डोकं झटकत एकीकडे वाकवून धरलं की मी आधी कुसळ शोधते. म्हणून त्याला चरलेल्या, आखूड गवतावर किंवा पायवाटेवर चालवा. गुडघाभर गवतात फोटोसाठीसुद्धा नको. प्रत्येक थांब्यावर गाडीत घेण्याआधी चारही पंजांची बोटं फाकवून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

मेंढरं वाटेत येणारच. आडवा कळप आला की गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, काचा वर करा, ब्रुनोचं तोंड तुमच्याकडे वळवून त्याला खाऊ देत राहा. धनगराची कुत्री गाडीभोवती येऊन भुंकतील, ते त्यांचं काम आहे. तुम्ही पायी असाल आणि कळप दिसला तर बांधाच्या पलीकडे व्हा. घरचं कुत्रं खेळायच्या नादात मेंढरांमागे लागलं तर गाभण मेंढीचा गर्भ पडतो, कोकरू तुडवलं जातं. तुमच्यासाठी तो दोन मिनिटांचा गोंधळ, धनगरासाठी वर्षाची कमाई. चुकून झालंच तर तिथेच थांबून, बोलून, भरपाई देऊन निघावं.

पाटोद्याच्या बाजूला नायगावचं मयूर अभयारण्य आहे. मोर बघायचा मोह होईल, पण अभयारण्यात कुत्रा नेता येत नाही. नुसत्या वासानेही जमिनीवर अंडी घालणारे पक्षी बिथरतात आणि घरच्या कुत्र्यांचे रोग रानातल्या कोल्ह्या-लांडग्यांना लागतात. मोर तुम्हाला रस्त्याकडेच्या शेतातही दिसतील.

खाण्याचं: आदल्या रात्री पोटभर, सकाळी निघताना काही नको, सावलीत पोचल्यावर थोडं विसावून अर्धं जेवण, उरलेलं घरी. पाणी किलोमागे दिवसाला साधारण 60 मिली लागतं, म्हणजे ब्रुनोला एरवी दोन लिटर. अशा दिवशी त्याच्या दुप्पट धरा आणि त्याच्यासाठी वेगळा पाच लिटरचा कॅन ठेवा. डबक्यातलं, ओढ्याच्या साचलेल्या पाण्यातलं नको, लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या जंतूंच्या आजाराचा धोका असतो. धाब्यावरची शिजलेली हाडं, कांदा-लसणाचा रस्सा, द्राक्षं, चॉकलेट नको. सीताफळांचा हंगाम असेल, बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे आणि टोपल्या रस्त्यावर दिसतील. मुलगी खाईल तिथे बिया आणि साली पिशवीत गोळा करा. बिया विषारी असतात.

सामान फार लागत नाही. जादा लीश, जुनी चादर (दुखापत झाली तर हीच झोळी), डिजिटल थर्मामीटर, बारीक टोकाचा चिमटा, सलाइनची बाटली, बीटाडीन, गॉज आणि बँडेज, शी उचलायच्या पिशव्या, लसीच्या कार्डाचा मोबाईलवर फोटो. गळ्यातल्या पट्ट्यावर मार्करने मोबाईल नंबर. रेबीजची लस चालू वर्षाची हवी, नसेल तर निदान महिनाभर आधी द्या. गोचीडची गोळीही आधीच. गाडीसाठी हवा भरलेली स्टेपनी आणि डाउनलोड करून ठेवलेला नकाशा, कारण आतल्या रस्त्यांवर रेंज जाते. बीड, पाटोदा आणि जामखेड तिन्हीकडच्या एकेका पशुवैद्याचा नंबर आधीच शोधा आणि रविवारी कोण असतं ते विचारून ठेवा. सरकारी फिरत्या पथकाचा टोल-फ्री नंबर 1962 आहे.

तीन प्रसंगांत काय करायचं ते मात्र आत्ताच डोक्यात पक्कं हवं, कारण तिथे वाचायला वेळ नसतो.

ऊन लागलं तर. जीभ नेहमीपेक्षा रुंद होऊन टोकाला वळते, लाळ घट्ट चिकट होते, हिरड्या विटेसारख्या लाल, चाल लटपटते. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 100.5 ते 102.5 फॅरनहाइट असतं. गुदद्वारात थर्मामीटर लावून 104 च्या वर आलं तर तिथेच गार करा, मग निघा. आधी गाडी हाकत सुटायचं नाही. सावलीत आडवा करून कॅनमधलं पाणी सगळ्या अंगावर, विशेषतः पोट, काखा, जांघांवर ओता आणि चादरीने वारा घाला. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, उष्णता आत कोंडते. बळेच पाणी पाजू नका. 103 ला आलं की थांबा आणि दवाखान्यात न्या. तो उठून शेपटी हलवायला लागला तरी न्या, मूत्रपिंडाचं आणि रक्त गोठण्याचं नुकसान दुसऱ्या दिवशी दिसतं.

साप चावला तर. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही आपल्याकडे आहेत. घोणस चावली की सूज आणि रक्त येतं. मण्यारीची खूण बऱ्याचदा दिसतच नाही, पापण्या जड होतात आणि मागचे पाय लुळे पडायला लागतात. दोर आवळायचा नाही, चिरायचं नाही, साप शोधत बसायचं नाही. त्याला चालू न देता चादरीत उचला, फोन करून विषावरची लस कुठे आहे ते विचारत थेट तिथे निघा.

दुसरं कुत्रं चावलं तर. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. लस झालेली असली तरी ब्रुनोला पुन्हा डोस लागतील, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. भांडण सोडवताना तुम्हाला ओरखडा गेला असेल तर तुम्हीही सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या, दुसऱ्या दिवसावर टाकू नका. आणि दुखतंय म्हणून त्याला घरातली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, त्याने पोटात रक्तस्राव होतो.

घरी आल्यावर त्याला लगेच झोपू देऊ नका. दिव्याखाली बसवून कानाच्या आत-बाहेर, पट्ट्याखाली, काखेत, शेपटीच्या मुळाशी आणि बोटांच्या बेचक्यात हात फिरवा. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, रॉकेल लावू नका. त्यानंतरचे तीन आठवडे लक्ष ठेवा. जेवण सोडलं, अंग तापलं, नाकातून रक्त आलं किंवा लघवी तांबूस झाली तर गोचीड तापाची रक्ततपासणी करून घ्या आणि डॉक्टरांना सांगा की हा माळावर फिरून आलाय. तारीख ठरली की ब्रुनो उभ्या गाडीत कसा बसतो आणि घाटाची फेरी कशी झाली ते इथेच कळवा. दुपारची जागा सापडत नसेल तर तेही लिहा, त्या बाजूच्या ओळखीच्या शेतकऱ्यांना विचारून बघेन.